एका जीमेलवर सगळं घर

पत्र:

सादर नमस्कार. मी मूळची अमळनेर तालुक्यातली, सध्या धुळ्याला एका कर सल्लागारांकडे कामाला आहे. घरी आई, आप्पा आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा धाकटा भाऊ. आप्पांना स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा घाईघाईत माझंच जीमेल त्यात टाकलं होतं. भावाच्या फोनमध्येही तेच. लॅपटॉप माझा, पण गावी आणला की सगळेच वापरतात. गेल्या महिन्यात क्रोममध्ये 'छ' टाइप केलं आणि खाली आलं, 'छातीत दुखणे रात्री', 'छातीत दुखणे डावा हात'. मी हे कधीच शोधलेलं नाही. भावानेही नाही. म्हणजे आप्पाच. आम्हाला ते एका शब्दाने बोललेले नाहीत. त्यांना विचारू तर कसं विचारू? त्यातच त्यांच्या फोनवर 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असे मेसेज दर थोड्या वेळाने येतात. वैतागून म्हणाले, "मना फोनमा कोन बठेल शे?" मला क्रोम काढून टाकावंसं वाटतं. भाऊ म्हणतो ब्रेव्ह घे, ऑफिसातले म्हणतात फायरफॉक्स, एकजण म्हणाला इन्कॉग्निटो पुरे. पण जीएसटी, महाडीबीटी, सातबारा हे सगळं चालायला हवं, आणि आप्पांना मराठीत बोलून शोधता यायला हवं. कोणता ब्राउझर घ्यावा?

– एक वाचक, धुळे

उत्तर:

ताई, ब्राउझरचं नंतर बघू. आधी आप्पांना डॉक्टरकडे न्या, आणि त्यासाठी शनिवारची वाट बघू नका. छातीतलं दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, दम लागत असेल तर त्या क्षणी १०८ ला फोन करायचा, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. यातलं काही नसलं तरी ईसीजी काढून घ्यायचाच. अमळनेरला घरच्या ओळखीचे डॉक्टर असतील तर तिथून सुरुवात करा. धुळ्यात तर भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तुमच्या जवळच आहे. पित्ताचा त्रास निघाला तर उत्तमच.

विचारायचं कसं, हा तुमचा प्रश्न मला पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. "तुम्ही काय शोधलं ते मला दिसलं," अशी सुरुवात करू नका. त्याने माणूस आधी ओशाळतो आणि मग "काही नाही, सहज बघत होतो," म्हणून विषय मिटवतो. सरळ विचारा, "आप्पा, रात्री झोप लागते का? छातीत काही होतं का?" आपल्याकडचे वडील दुखणं सांगत नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात आधी खर्च येतो, मग बोंडअळी, मग मुलाचा क्लास. पण लेकीने समोर बसून नेमकं विचारलं तर बहुतेक वेळा ते टाळत नाहीत.

तपासणी झाली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, की मात्र त्यांना खरं सांगा. एकाच खात्यामुळे त्यांचे शोध तुमच्या लॅपटॉपवर दिसत होते, भावाच्या फोनवरही दिसू शकले असते, हे त्यांना कळलं पाहिजे. गुपचूप सगळं बदलून मोकळं होण्याचा मोह होईल, तो टाळा. आपलं दुखणं घरच्यांपासून लपवायचं की नाही हा निर्णय त्यांचा होता, आणि तो त्यांच्या नकळत एका सेटिंगने घेतला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो खटला सरकार आणि नागरिक यांच्यातला होता हे खरं. पण खासगीपणा म्हटलं की आपण लगेच मोठ्या कंपन्यांकडे आणि दिल्लीकडे बोट दाखवतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या फोनचा पॅटर्न सगळ्या आळीला पाठ असतो, याकडे बघत नाही. हे मला फार खुपतं.

आता हे घडलं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढचा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल. क्रोममध्ये जीमेल उघडून सिंक चालू केलं की इतिहास, बुकमार्क आणि पासवर्ड त्या खात्याच्या सगळ्या उपकरणांवर पोचतात. आप्पांनी फोनमध्ये शोधलेलं तुमच्या लॅपटॉपवर आलं ते असं. दुसरी वाट गूगलच्या स्वतःच्या नोंदवहीची. 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी' नावाचं एक सेटिंग आहे. ते चालू असेल तर त्या खात्यातून केलेला शोध गूगलकडे साठतो, आणि शोधाच्या चौकटीत सूचना म्हणून परत डोकावतो. ही दुसरी वाट ब्राउझर बदलून बंद होत नाही. क्रोम काढून तुम्ही दुसरं काहीही टाकलंत आणि त्यात पुन्हा तेच जीमेल उघडलंत, तर आप्पांचा पुढचा शोधही तुमच्या पुढ्यात येऊ शकतो.

आणि जे त्यांच्याकडून तुमच्याकडे आलं, ते तुमच्याकडून त्यांच्याकडेही गेलेलं आहे. "पासवर्ड सेव्ह करायचा का?" या प्रश्नाला लॅपटॉपवर कधी हो म्हटलं असेल, तर तुमच्या बँकेचा, जीएसटी पोर्टलचा, कदाचित ऑफिसच्या गिऱ्हाइकांच्या लॉगिनचा पासवर्ड आज आप्पांच्या आणि भावाच्या फोनमध्ये आहे. बाजाराच्या गर्दीत किंवा भुसावळच्या गाडीत यातला एखादा फोन गेला आणि त्याला धड लॉक नसलं, तर अडचण फक्त त्या फोनच्या मालकाची राहणार नाही. तुमच्या कामाच्या दृष्टीने मला छातीच्या शोधानंतर हीच गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते.

म्हणून पहिलं काम खाती वेगळी करण्याचं. आप्पांच्या नावाने नवं खातं उघडा, त्यांचाच मोबाइल नंबर द्या, आणि ते विसरले तर परत मिळवता यावं म्हणून त्यांना विचारून पर्यायी ईमेल तुमचा ठेवा. पासवर्ड त्यांच्या डायरीत त्यांच्या हाताने लिहू द्या. कपाटातली डायरी म्हणजे काही फार वाईट जागा नाही, इंटरनेटवरून ती कोणी उघडू शकत नाही. तुमचं खातं त्या फोनमधून लगेच उडवू नका. आधी दोन-तीन गोष्टी हलवायच्या आहेत. त्यांचे फोन नंबर तुमच्या खात्यात साठलेले असतील, ते नव्या खात्यात घ्या. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट बॅकअप कोणत्या खात्यात जातो ते बदला. फोटो कुठे साठतात ते बघा, कारण कानबाईच्या रोटांचे आणि नातवंडांचे फोटो तुमच्या खात्यात असतील आणि फोनमधून दिसेनासे झाले तर आप्पा या सगळ्या उद्योगालाच कंटाळतील. हे झालं की मग तुमचं खातं काढा. भावाच्या फोनवरही हेच. शेवटी तुमच्या गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात 'तुमची डिव्हाइस' उघडून ओळखीची नसलेली प्रत्येक नोंद साइन आउट करा आणि पासवर्ड बदला. त्याच खात्याच्या डेटा आणि गोपनीयता विभागात 'वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी' बंद करता येतं, किंवा तीन महिन्यांनी आपोआप पुसलं जाईल असं ठेवता येतं. आप्पांच्या नव्या खात्यातही हे विसरू नका.

लॅपटॉपवर एकाच विंडोज लॉगिनमध्ये तिघांनी बसणं थांबवा. क्रोममध्ये वेगवेगळ्या प्रोफाइल करता येतात, पण त्यांना कुलूप नसतं, कोणीही कोणाच्या प्रोफाइलवर क्लिक करून आत जातो. भावाला विंडोजमध्येच वेगळा युजर करून द्या आणि तुमच्या युजरला पिन ठेवा.

आता ब्राउझर.

ब्राउझर निवडताना मी आधी बघतो की त्याचं पोट कशावर चालतं. सगळेच फुकट आहेत, म्हणजे पैसे दुसरीकडून येतात. क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये आला, गूगलने बनवला, आणि गूगलची बहुतेक कमाई जाहिरातींची आहे. क्रोम वेगवान आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या झपाट्याने येतात, फसव्या साइटवर गेलात तर लाल पाटी दाखवून थांबवतो. तो वाईट ब्राउझर आहे असं मी म्हणणार नाही. पण जाहिरातदारांची तुमच्यावरची नजर कमी करणं त्याच्या मालकाच्या फायद्याचं नाही, आणि हे त्यांच्या निर्णयांत दिसत आलं आहे.

कुकीचंच घ्या. साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद म्हणजे कुकी. १९९४ पासून ती आहे, आणि ती नसती तर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताच तुमचं लॉगिन विसरलं गेलं असतं. अडचण होते ती परक्या कुकीची. जळगावच्या सराफ बाजारात तुम्ही पाच दुकानं फिरलात आणि प्रत्येक दुकानात वही घेऊन एकच माणूस उभा असेल, तर संध्याकाळी त्याच्याकडे तुमचा पूर्ण दिवस लिहिलेला असेल. परकी कुकी वापरून जाहिरात कंपन्या हेच करतात. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० मध्ये अशा कुकी पूर्ण अडवल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून संगणकावर सगळ्यांसाठी अशी सोय चालू केली की त्या माणसाला प्रत्येक दुकानात वेगळी वही मिळते आणि वह्या एकमेकींशी जुळत नाहीत. गूगलने २०२० मध्ये सांगितलं होतं की क्रोममधूनही परक्या कुकी जातील. तारखा पुढे ढकलत ढकलत जुलै २०२४ मध्ये तो बेत त्यांनी सोडला.

दुसरं उदाहरण जाहिराती अडवणाऱ्या जोडण्यांचं, म्हणजे एक्स्टेन्शनचं. 'यूब्लॉक ओरिजिन' ही त्यातली सगळ्यात भरवशाची, फुकट आणि खुल्या कोडची. क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि २०२४–२५ मध्ये ती पूर्ण ताकदीची जोडणी क्रोममध्ये चालेनाशी झाली. तिची 'लाइट' आवृत्ती आहे, ती काम करते, पण कमी. फायरफॉक्समध्ये मूळची अजून चालते, आणि डिसेंबर २०२३ पासून अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरही एक्स्टेन्शन खुली झाली आहेत.

जाहिराती अडवणं म्हणजे नुसता डोक्याला शांतपणा, असं समजू नका. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांना जाहीर सल्ला दिला होता की शोध घेताना ॲड ब्लॉकर वापरा, कारण ठग खऱ्या कंपन्यांची नावं घेऊन शोधाच्या वरच जाहिराती लावतात. आपल्याकडे हे आप्पांच्या वयाच्या शेतकऱ्यांवर फार थेट येऊन पडतं. पीएम-कुसुमच्या सौर पंपाच्या नावाने खोट्या साइट निघाल्या, नोंदणी फी म्हणून पैसे उकळले गेले, आणि केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला सावधगिरीच्या सूचना काढाव्या लागल्या. आप्पांना एक सवय लावा. सरकारी काम असेल तर पत्त्याचं नाव 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' वर संपतं का ते बघायचं, आणि शोधात वर 'प्रायोजित' लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवायचं नाही.

तर माझा सल्ला असा. तुमच्या लॅपटॉपवर रोजचा ब्राउझर फायरफॉक्स, त्यात यूब्लॉक ओरिजिन, आणि दुसरं काही नाही. बातम्या, शोध, यूट्यूब, खरेदी सगळं त्यातून. क्रोम काढू नका. त्याला फक्त कामाचा ब्राउझर करा. जीएसटी पोर्टल, डिजिटल सही, महाडीबीटी, बँक, ऑफिसचं जीमेल एवढंच तिथे, एकही एक्स्टेन्शन न घालता. याचं कारण असं की आपल्याकडची बहुतेक पोर्टलं क्रोमवर तपासलेली असतात, आणि शेवटच्या तारखेला रात्री साडेअकराला फॉर्म अडकला की खासगीपणाचं सगळं तत्त्वज्ञान खिडकीबाहेर जातं. त्या रात्री माणूस चिडून क्रोमवर परततो आणि तिथेच राहतो. म्हणून ती जागा आधीच ठरवून ठेवलेली बरी. फायरफॉक्समध्ये सातबारा किंवा पावती उघडली नाही तर बहुधा नव्या खिडकीला अडवलेलं असतं. वर एक पिवळसर पट्टी किंवा छोटं चिन्ह दिसेल, तिथून त्या एका साइटला परवानगी द्या.

दोन ब्राउझरचा आणखी एक फायदा आहे, तो लोक लक्षात घेत नाहीत. तुमचं गूगल खातं फक्त क्रोममध्ये उघडं राहील. फायरफॉक्समध्ये तुम्ही साइन इन न करता शोधाल, तेव्हा तो शोध तुमच्या नावाच्या खात्याला चिकटणार नाही. शोधासाठी गूगलऐवजी डकडकगो हे शोधयंत्र ठेवून बघा. मराठी मजकुरासाठी मला अजून गूगलचे निकाल सरस वाटतात, तेव्हा गरज पडली तर गूगलच वापरा, पण साइन इन न करता.

फायरफॉक्स म्हणजे धुतल्या तांदळासारखा आहे असं मात्र नाही. त्यामागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे, पण तिच्या उत्पन्नातला मोठा वाटा गूगलकडूनच येतो, फायरफॉक्समध्ये आधीपासून गूगल शोध ठेवण्याबद्दल. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी वापराच्या अटी आणल्या, 'आम्ही तुमचा डेटा कधीच विकत नाही' हे सरळ वचन आपल्या पानावरून काढलं, आणि लोक संतापल्यावर अटींची भाषा बदलली. मला ते आवडलं नाही. तरीही मी फायरफॉक्स सुचवतो, कारण तो गूगलच्या पायावर उभा नाही. क्रोम, ब्रेव्ह, ऑपेरा, जानेवारी २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एज, आपल्या झोहोचा उला, हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर आहेत. फायरफॉक्सचा पाया स्वतःचा आहे. सगळं वेब एकाच कंपनीच्या मर्जीने चालू नये असं ज्याला वाटतं, त्याने निदान एका उपकरणावर तरी तो जिवंत ठेवावा. बसवल्यावर सेटिंगमधल्या गोपनीयतेच्या विभागात जाऊन वापराची माहिती पाठवण्याच्या खुणा तेवढ्या काढून टाका.

आप्पांच्या फोनसाठी मात्र मी भावाच्या बाजूने आहे. तिथे ब्रेव्ह टाका. बसवला की जाहिराती आणि माग काढणारे कोड अडवायला तो लगेच सुरुवात करतो, वेगळी जोडणी शोधायची, घालायची भानगड नाही. कमी रॅमच्या फोनवर माझ्या अनुभवात तो फायरफॉक्सपेक्षा हलका चालतो. आणि दिसायला क्रोमसारखाच असल्याने आप्पांना बटणं शोधावी लागणार नाहीत, ही गोष्ट मी फार मोठी मानतो. घरातल्या वयस्क माणसाला जे न विचारता वापरता येत नाही, ते चार दिवसांत बाजूला पडतं. ब्रेव्हवरही डाग आहे. २०२० मध्ये काही क्रिप्टो साइटचे पत्ते टाइप करताना तो स्वतःच्या कमिशनचा कोड जोडत असल्याचं उघड झालं, मग कंपनीने माफी मागून ते बंद केलं. त्यामुळे बसवताना रिवॉर्ड, वॉलेट, बातम्या या सगळ्याला नाही म्हणा, पहिलं पान रिकामं ठेवा आणि त्यावर त्यांची रोजची तीन-चार ठिकाणं लावून द्या. हवामान, कापसाचे भाव, सातबारा, त्यांचं वर्तमानपत्र.

बोलून शोधण्याची चिंता करू नका, त्यासाठी ब्राउझरची गरजच नाही. गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठी भाषा घाला, त्यावरचा माइक कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतो. अहिराणी त्याला झेपत नाही, तेवढं आप्पांना शाळेतलं मराठी बोलावं लागेल. तो आवाज गूगलच्या सेवेकडे जाऊ शकतो हे खरं, पण आप्पांना बारीक अक्षरांवर बोट नेमकं टेकवायला लावण्यापेक्षा मी ही तडजोड करीन.

मग सेटिंगमध्ये जाऊन ब्रेव्हला डिफॉल्ट ब्राउझर करा, म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेली लिंक त्यातच उघडेल. क्रोम बहुतेक अँड्रॉइड फोनमधून काढता येत नाही, आयकॉन पहिल्या पानावरून हटवा, पुरे. फेसबुकचा मात्र वेगळा खेळ आहे. तिथली लिंक फेसबुकच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते, आणि तुम्ही बसवलेला ब्रेव्ह बाहेरच राहतो. वरच्या तीन ठिपक्यांत 'ब्राउझरमध्ये उघडा' असतं, ते एकदा आप्पांचं बोट धरून दाखवा.

आणि त्या व्हायरसच्या मेसेजचं. आप्पांच्या फोनमध्ये बहुधा कोणीच बसलेलं नाही. कुठल्या तरी साइटने "सूचना पाठवू का?" असं विचारलं, किंवा "तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अनुमती द्या दाबा" अशी थाप मारली, आणि त्यांनी दाबलं. तेव्हापासून ती साइट क्रोममार्फत नोटिफिकेशन पाठवते आहे. ते खोटं आहे. त्यावर दाबलं की एखादं 'क्लीनर' ॲप घ्यायला लावतात, आणि खरा त्रास तिथून सुरू होतो. मेसेज आला की त्यावर न दाबता बोट दाबून धरा, पाठवणाऱ्या साइटचं नाव दिसेल, तिथूनच बंद करा. मग क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशन उघडून परवानगी दिलेल्या सगळ्या अनोळखी साइट काढा आणि वरची मुख्य कळच बंद ठेवा. ब्रेव्हमध्येही पहिल्या दिवशी हेच. व्हॉट्सॲपच्या सूचनांना याने धक्का लागत नाही. त्या भरात एखादं ॲप आधीच घेतलं गेलं असेल तर ते काढा, आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा.

इन्कॉग्निटो पुरे, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. ती खिडकी बंद केली की इतिहास आणि कुकी त्या उपकरणावरून जातात, एवढंच तिचं काम. साइटला, मोबाइल कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही दिसताच. अमेरिकेत याच मुद्द्यावर २०२० मध्ये गूगलवर सामूहिक खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीने अशा वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचं मान्य केलं. तरी तिचा एक उपयोग पक्का आहे. भावाला फॉर्म भरायला ई-सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत बसावं लागलं तर त्याने तिथे इन्कॉग्निटोच उघडावं, काम झालं की लॉग आउट करून खिडकी बंद करावी, आणि डाउनलोड झालेली आधारची, मार्कशीटची पीडीएफ त्या संगणकावरून स्वतः पुसावी. ती पीडीएफ इन्कॉग्निटो पुसत नाही.

भावासाठी आणखी दोन गोष्टी. त्याच्या ब्राउझरमध्ये कोणती एक्स्टेन्शन आहेत ते त्याच्यासोबत बसून बघा. 'सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी एखाद्या फुकट व्हीपीएनने किंवा व्हिडिओ उतरवून देणाऱ्या जोडणीने घेतली असेल, तर तिला त्याच्या बँकेचं पानही दिसतं. मी तर अशी प्रत्येक जोडणी काढायला लावीन. यूब्लॉक ओरिजिनही हीच परवानगी मागतं, म्हणून तर अशी एकच ठेवायची आणि ती पारखलेली. दुसरी गोष्ट, जुन्या फोनवरून एपीके फाइलने यूसी ब्राउझर आलेला असेल तर तो ठेवू नये. भारत सरकारने २९ जून २०२० रोजी बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये तो होता, आणि त्याआधीच २०१५ मध्ये टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेने दाखवून दिलं होतं की तो वापरणाऱ्याची माहिती नीट कुलूपबंद न करता पाठवतो.

लॅपटॉपवर अजून विंडोज १० असेल तर तेही या फेरीतच बघून घ्या. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. गिऱ्हाइकांचे हिशेब तुमच्या हातात आहेत. विंडोज ११ त्या यंत्रावर चढतं का ते ऑफिसातल्या माहीतगाराला विचारा. चढत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांसाठी नोंदणी करून तेवढ्या काळात दुसऱ्या लॅपटॉपची तजवीज करा.